काणी, करपा आणि मजुरी

काही वर्षांपूर्वी भोगावती खोऱ्यातल्या एका फडात ऊसतोडणी मजुरांनी भर दुपारी कोयते खाली ठेवले. संप नव्हता, दराचा करारही ताजाच होता. आम्हांला निरोप आला तेव्हा आम्ही समजलो, मुकादमाशी उचलीवरून वाजले असेल. जाऊन पाहतो तो भांडण माणसांशी नव्हतेच, उसाशी होते. रान चौथ्या खोडव्याचे. बोटाएवढी बारीक कांडी, गवतासारखी दाट फुटलेली बेटे, आणि कित्येक शेंड्यांतून चाबकासारखा वळून बाहेर आलेला काळा फरकांडा. हात लावला की काजळी. बीडकडची एक बाई पुढे येऊन म्हणाली, “दादा, मजुरी टनावर हाय. असलं गवत किती तोडलं म्हंजी टन भरंल?”

प्रश्न साध्या हिशेबाचा होता आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. टनाचा दर ठरविताना आम्ही महागाई धरली, वाहतुकीचे अंतर धरले, मुकादमाचे कमिशन धरले. उसाचा रोग धरला नव्हता. शेतकऱ्याला विचारले, तर तो बिचारा आमच्याहून चिडलेला. बेणे शेजाऱ्याच्या रानातून आणलेले, लागण केली तेव्हा डोळे चांगले फुगीर दिसत होते, मग ही काळी पिडा आली कोठून? तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. शेतकी खात्याच्या पुस्तिका, जुने अहवाल, संशोधन केंद्रांतल्या जाणत्या माणसांशी बोलणी, अशी ही आमची शाळा. त्यातून हाती आले ते येथे मांडीत आहोत.

त्या रोगाचे नाव काणी. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते, तिलाही आपल्याकडे काणीच म्हणतात. दोन्ही बुरशा एकाच कुळातल्या, पण एक नव्हेत. ज्वारीची काणी उसाला होत नाही. उसाच्या काणीची पहिली नोंद दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमधली, १८७७ सालची. बुरशीचे कण वाऱ्यावर उडतात, पाण्याबरोबर वाहतात, मातीत पडतात आणि उसाच्या डोळ्यात शिरतात. डोळा वरून निरोगी दिसतो. तो लावला की बुरशी कोंबाबरोबर आतल्या आत वाढते आणि काही महिन्यांनी पोंग्यातून चाबूक बाहेर पडतो. त्याच्यावर आधी चंदेरी पातळ पापुद्रा असतो. तो फाटला की एका चाबकातून कोट्यवधी कण सुटतात. लागणीपेक्षा खोडव्यात हा रोग फार, कारण बुडख्यात बुरशी टिकून असते. शेजाऱ्याचे बेणे चांगले दिसत होते, यात त्या शेतकऱ्याची फसगत नव्हती. रोगाची चालच तशी आहे.

आता थोडे मागे जाऊ. राधानगरीच्या माणसाला पाण्याचा इतिहास सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती अडविण्याचे मनावर घेतले. १९२२ साली महाराज गेले आणि धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. धरणाचे पाणी नदीने खाली सोडायचे, कोल्हापुरी बंधाऱ्यांनी ठिकठिकाणी तुंबवायचे आणि दोन्ही काठांनी उचलायचे, ही आपली पद्धत. या पाण्यामागून ऊस आला. कोल्हापूरचा गूळ त्याआधीही नावाजलेला होता, पण तो पुंड्या उसाचा. पुंड्या म्हणजे जाड, मऊ, खायलाही गोड. मोठ्या प्रमाणावर जो ऊस पुढे पसरला तो मात्र वेगळ्या घरचा.

कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले. बार्बर आणि त्यांच्यामागून वेंकटरामन यांनी तेथे जाड उसाचा आणि रानटी, काटक उसाचा संकर केला. ‘को’ ही दोन अक्षरे कोइमतूरची. या खटपटीला मुळात एका रोगाचा धक्का कारणीभूत होता, हे आम्हांला वाचूनच कळले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत गोदावरीच्या मुखाकडच्या प्रदेशात लाल कुजीने उसाची दैना केली. कांडे उभे चिरले तर आत लाल, मध्ये मध्ये पांढरे आडवे पट्टे आणि आंबूस वास. अशा उसाचा ना धड गूळ होतो ना साखर. बार्बर यांनी त्याची चौकशी केली आणि त्यापायी सामलकोट येथे १९०२ साली उसाचे प्रायोगिक शेत निघाले. कोइमतूर त्याच्या पुढचे पाऊल. म्हणजे आज आपण ज्यांच्या जिवावर बसलो आहोत त्या ‘को’ जातींच्या वंशावळीच्या मुळाशी एक बुरशी आहे.

या वंशातला ‘को ४१९’ हा आपल्याकडचा खरा राजा. त्याच्या अंगात जावाच्या ‘पीओजे २८७८’चे रक्त. दख्खनच्या कालव्यांवर आणि नदीकाठांवर त्याने पुंड्याला हुसकून लावले. जुनी माणसे अजून ‘चारशे एकोणीस’ म्हणताना आवाज बदलतात. निरा खोऱ्यात पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र निघाले होते. तेथे जातींच्या चाचण्या चालत. ‘को ४७५’ ही जात बरी वाटली, तिची लागण होऊ लागली, आणि १९४९ च्या सुमारास तिच्या पानांवर तांबेरा आला. उसावर तांबेरा ही तेव्हा आपल्याकडे नवीनच गोष्ट. पुण्याच्या एम. के. पटेल, एम. एन. कामत इत्यादी वनस्पतिरोगतज्ज्ञांनी १९५० साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. पाने नारिंगी-तपकिरी पुळ्यांनी भरून गेली, फडातून जाणाऱ्याच्या कपड्यांना गंजासारखी भुकटी लागे. ‘को ४७५’ मागे पडला.

मग पाडेगावचाच ‘को ७४०’ आला. उतारा चांगला, खोडवा चांगला. कारखाने सहकारी होत होते, नदीकाठचे रान हिरवे होत होते, आणि १९६० ते १९९० या काळात महाराष्ट्रात ऊस म्हणजे बहुतांशी ‘७४०’ असे झाले. हा काणीला फार बळी पडणारा. एक जात, सलग रान, आणि खोडव्यावर खोडवा. काणीला याहून चांगले घर कोणते? आम्ही ज्या पिढीतले, तिने काळे चाबूक लहानपणी पाहिले ते या ‘७४०’वरच. पोरे ते मोडून एकमेकांच्या तोंडाला फासत. आपण रोग वाटीत फिरतो आहोत, हे कोणी सांगितले नाही. १९९० च्या दशकात ‘को ८६०३२’, म्हणजे ‘निरा’, शिफारशीत आला. तो काणीला तितका बळी पडत नाही, म्हणून आणि साखर-वजनासाठीही शेतकऱ्यांनी तो उचलला. आजही राज्याच्या मोठ्या क्षेत्रावर तोच आहे. ते ऐकून आनंद वाटावा की काळजी, हे ठरविण्यापूर्वी उत्तर प्रदेशाकडे पाहावे.

तेथे १९३० च्या दशकात ‘को २१३’चे राज्य होते. १९३८-३९ पासूनच्या काही वर्षांत लाल कुजीने ते मोडले, बिहारातही तेच. हा धडा पुस्तकांत छापला गेला. मग २००९ साली कर्नालच्या केंद्राचा ‘को ०२३८’ आला. साखर इतकी चांगली की दहा-बारा वर्षांत त्या राज्यातल्या पाचांपैकी चार एकरांवर तोच दिसू लागला. आणि लाल कूज परत आली; त्याच जातीवर, तेवढ्याच जोराने. शेतकऱ्यांना दुसऱ्या जातींकडे वळावे लागले. शहाण्यांनी लिहिलेला धडा आणि साखरेचा उतारा यांत माणूस उताऱ्याचे ऐकतो. क्युबातही १९७९-८० च्या हंगामात हेच घडले. ‘बी ४३६२’ ही एकच जात देशाच्या सुमारे एक-तृतीयांश उसात होती. तांबेरा आला आणि दहा लाख टनांहून अधिक साखर गेली. तो तांबेरा आफ्रिकेतून समुद्रावरच्या वाऱ्याने आला असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. समुद्र ओलांडणाऱ्या कणाला आपला बांध काय अडविणार!

आमच्या चळवळीतल्या मित्रांना आम्ही नेहमी सांगतो, की कारखान्याच्या पटावरची नोकरी बॉयलरवर जितकी अवलंबून आहे तितकीच बेण्याच्या डोळ्यावर. गाळप शंभर दिवसांत आटोपले तर हंगामी कामगार घरी बसतो. त्याला कारण पाऊस सांगतात, बाजार सांगतात. रोगाचे नाव क्वचित निघते.

येथपर्यंत ऊस झाला. पण राधानगरी मुळात भाताची. धरणाच्या वरच्या अंगाला पावसाचा मारा, डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, खाचरांत भात. येथे कृषी संशोधन केंद्र आहे, तेही भाताचेच. भाताचा मोठा शत्रू करपा. पानावर दोन्ही टोकांना निमुळता, डोळ्याच्या आकाराचा ठिपका पडतो. कडा तपकिरी, मधला भाग राखाडी. ठिपके वाढले की रान भाजल्यासारखे दिसते. यापेक्षा वाईट म्हणजे लोंबीच्या मानेवरचा करपा. मान काळी पडते, लोंबी मोडते आणि दाणा भरत नाही. त्याला काही शेतकरी मानमोडी म्हणतात. आपल्या आज्या-पणज्यांनी १९१८ च्या इन्फ्लुएन्झालाही हेच नाव दिले होते. आणि योगायोग असा, की हिंदुस्थानात करप्याची पहिली मोठी साथ गाजली तीही १९१८-१९ च्याच सुमारास, तंजावरला.

करप्याला काय लागते? रात्री गारवा, पहाटे धुके, दिवसभर बारीक झिमझिम आणि तासन् तास ओले राहणारे पान. श्रावण-भाद्रपदातली राधानगरी याहून वेगळी असते काय? त्यात एक गोष्ट माणूस आपल्या हाताने घालतो, ती म्हणजे युरिया. पीक पिवळे दिसले की एकदम पोते रिकामे करायचे, ही खोड आपल्याला लागली आहे. नत्र जादा झाले की पान लुसलुशीत, गडद आणि मऊ होते, आणि बुरशीला शिरायला सोपे जाते. युरिया दोन-तीन हप्त्यांत द्यावा, हा सल्ला फुकटचा आहे म्हणून कोणी मोजीत नाही. बियाण्याचेही तसेच. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे, वर तरंगेल ते पोचट व रोगट म्हणून काढून टाकावे, तळाचे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे आणि मग औषध चोळावे. पेंढा-धसकटे रानात तशीच ठेवू नयेत, बांधावरचे गवत काढावे. जात निवडताना करप्याला दाद न देणारी निवडावी, आणि तीही दर काही वर्षांनी पारखून घ्यावी. कारण ही बुरशी रूप बदलण्यात पटाईत आहे. दोन वर्षे टिकलेली जात तिसऱ्या वर्षी टिकेलच असे नाही.

भाताच्या दुसऱ्या एका बुरशीचे नाव आम्ही कधी विसरू शकत नाही, आणि ते केवळ शेतीमुळे नव्हे. १९४२ च्या पावसाळ्याअखेर बंगालात भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला. ऑक्टोबरात चक्रीवादळही झाले. १९४३ साली दुष्काळ. वीस ते तीस लाख माणसे मेली. कटकच्या भात संशोधन संस्थेचे पद्मनाभन यांनी १९७३ साली लिहिले, की या दुष्काळामागे ती बुरशी होती. बंगालच्या शेतकी केंद्रांवरचे उताऱ्याचे आकडे त्यांनी पुढे केले. काही उशिरा येणाऱ्या जातींत चाळीसपासून नव्वद टक्क्यांपर्यंत नुकसान. आकडे बघून आम्ही मान डोलावली होती. नंतर अमर्त्य सेन यांचे १९८१ चे विवेचन हाती पडले. त्यांचा हिशेब असा, की १९४३ सालचा एकूण धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून जेमतेम पाच टक्क्यांनी कमी होता, आणि १९४१ पेक्षा तर तेरा टक्क्यांनी अधिक होता. १९४१ साली दुष्काळ पडला नाही, १९४३ साली पडला. मग मेले कोण? शेतमजूर, कोळी, नावाडी, खेड्यातले कारागीर. तांदळाचा भाव कित्येक पटींनी चढला आणि मजुरी जागच्या जागी राहिली. लढाईमुळे कलकत्त्यातल्या कारखान्यांना आणि फौजेला तांदूळ पुरविला जात होता, नावा जप्त झाल्या होत्या, साठे दाबले जात होते.

या दोन मतांत पंडितांचा वाद अजून चालतो. आमचे मत विचाराल तर आम्ही सेन यांच्या बाजूचे. पण बुरशीला निर्दोष सोडावे असेही आम्हांला वाटत नाही. उतारा बुडाला हे खरे. बुडालेल्या उताऱ्याचा भार कोणाच्या पाठीवर टाकायचा, हे मात्र बुरशी ठरवीत नाही. आयर्लंडचेही तेच. १८४५ साली बटाट्यावर करपा आला. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली, आणि त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य व गुरे इंग्लंडला जात होती. त्या रोगाला कारण तो जीवच, हे द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६१ साली निर्विवाद सिद्ध केले. (शास्त्रज्ञ आता त्याला खऱ्या बुरशीत धरीत नाहीत, पण आपण जुन्या पंगतीतून त्याला उठवू नये.) तोपर्यंत विद्वान म्हणत, की रोपटे आधी कुजते आणि बुरशी मागाहून येते. दमट हवा, देवाचा कोप, आगगाडीचा धूर, सर्व कारणे सांगून झाली होती.

आता औषधांकडे वळतो, कारण तेथे आमच्या माणसांचे हात गुंतलेले आहेत. पहिले मोठे औषध अपघाताने सापडले. फ्रान्समधल्या बोर्डोजवळ रस्त्याकडेची द्राक्षे चोरीस जात म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत, म्हणजे द्राक्षे विषारी दिसावीत. मिलार्दे यांनी पाहिले, की त्या वेलींना केवडा रोग नाही. १८८५ साली त्यांनी ती कृती प्रसिद्ध केली. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आजही बोर्डो मिश्रण चालते. वाटसरूंना भिवविण्यासाठी केलेले विष बुरशीवर उलटले!

पण सगळी औषधे इतकी भाग्यवान नव्हती. विसाव्या शतकात पाऱ्याची सेंद्रिय संयुगे बियाणे चोळायला निघाली. ती स्वस्त आणि गुणकारी होती, म्हणून जगभर गेली. १९७१ साली इराकने मेक्सिकोहून गहू आणि इतर ठिकाणाहून जव पेरणीसाठी मागविला; त्याला पाऱ्याचे औषध लावलेले होते. धोक्याची सूचना पोत्यांवर होती, पण ती परक्या भाषेत. धान्य काही ठिकाणी पेरणीचा हंगाम टळल्यावर पोचले. घरात दाणा नव्हता. लोकांनी ते धुतले. रंग निघून गेला, तेव्हा विषही निघून गेले असे समजून भाकऱ्या भाजल्या. सरकारी आकड्यांप्रमाणे साडेसहा हजार माणसे इस्पितळात दाखल झाली आणि ४५९ दगावली. खरा आकडा मोठा असावा असे पुष्कळांचे मत आहे.

आपल्याकडे उसाच्या टिपऱ्या बुडवायला हेच पाऱ्याचे औषध वापरीत. आम्ही तरुण कार्यकर्ते होतो तेव्हा एका बेणेमळ्यात बायका कोपरापर्यंत उघड्या हातांनी हौदातून टिपऱ्या काढताना आम्ही पाहिल्या. हातमोजे मागितले तर तिथला माणूस हसला. म्हणाला, “साबणाने धुतात की.” त्याच हातांनी दुपारी भाकरी. आम्ही तेव्हा औषधाचे नाव लिहून घेतले नाही, याचे आजही वाईट वाटते. नाव हातात असते तर भांडता आले असते. मेथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड हे त्या जातीचे औषध भारत सरकारने २०१८ साली बंद केले. त्याच हुकुमात बेनोमिल आणि ट्रायडेमॉर्फ ही बुरशीनाशकेही गेली. आदल्या वर्षी, २०१७ साली, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले. ती औषधे किडीची होती, बुरशीची नव्हती. पाठीवरचा पंप, तोंडाला बांधलेले फडके आणि उलट दिशेचा वारा मात्र दोन्हीकडे तोच.

म्हणून काणीच्या बाबतीत औषधाआधी जे करता येते त्याकडे आम्ही पुनःपुन्हा बोट दाखवितो. बेणे नऊ ते अकरा महिन्यांच्या निरोगी बेणेमळ्यातलेच घ्यावे. खोडव्याचे घेऊ नये. मूलभूत बेण्याला सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दोन तास ठेवण्याची, किंवा उष्ण वाफेच्या हवेची, प्रक्रिया करतात. ती घरी जमणारी नव्हे, कारखान्याने वा संशोधन केंद्राने करायची. शेतकऱ्याने शंभर लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून टिपऱ्या दहा-पंधरा मिनिटे बुडवाव्यात, हातमोजे घालून. चाबूक दिसला की तो हलवू नये, मोडू नये. वरून पोते किंवा पिशवी अलगद घालून शेंडा कापावा, मग ते बेट मुळासकट खणून काढावे आणि जाळावे. फडात काणी फार असेल तर खोडवा ठेवू नये. मोडून हरभरा, सोयाबीन, भात काहीतरी फिरवावे. दर पंधरवड्याला एक माणूस फडातून फिरला पाहिजे. त्या माणसाचा रोज कोण देणार, हा प्रश्न आम्ही कारखान्यांच्या बैठकांत विचारतो तेव्हा कागद चाळले जातात.

राहिली त्या फडाची गोष्ट. सूर्य कलेपर्यंत बोलणी चालली. शेतकरी, मुकादम, कारखान्याचा शेती मदतनीस आणि आम्ही, बांधावर उकिडवे बसून. मदतनीस म्हणे, करारात टन आहे, रोज नाही. शेतकरी म्हणे, माझाच ऊस बुडाला, वरून मी रोज कशाचा देऊ? शेवटी त्या एकाच फडापुरते टनाऐवजी कोयत्यामागे दिवसाचा रोज ठरला; अर्धा शेतकऱ्याने द्यायचा, अर्धा मुकादमाने उचलीत वळता करायचा. कारखान्याने काही दिले नाही. कागदावर काही आले नाही. पुढच्या करारात रोगट उसाचे कलम घालायचा आम्ही प्रयत्न केला, तो अजून चालू आहे. ती बाई सर्वांच्या आधी उठली, पदराने काळे हात पुसले आणि उसाला कोयता घातला.

शेतकऱ्याने तो खोडवा मोडला. पुढल्या आडसालीसाठी त्याने शुद्ध बेण्याची मागणी नोंदविली, तेव्हा यादीत त्याच्या आधी कितीतरी नावे होती. त्या वर्षी त्या रानात त्याने भात घातला.